मयताची खबर

मी मेनू बनवायचे. हॉटेलचे नव्हे, फोनचे. साध्या बटणांच्या फोनवर तारा दाबायचा, मग दोनचार आकडे, शेवटी हॅश आणि कॉलचं बटण. पडद्यावर चार ओळी येतात: बॅलन्ससाठी एक दाबा, पॅकसाठी दोन दाबा. त्याला इंटरनेट लागत नाही, महागडा फोनही लागत नाही. दुबईतल्या एका कंपनीत बसून मी बरीच वर्षं आफ्रिकेतल्या फोन कंपन्यांसाठी हे काम करत होते. ज्या देशांत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथल्या माणसाने एक दाबल्यावर त्याला काय दिसावं आणि दोन दाबल्यावर काय, हे मी दुबईतल्याच अल कुसैस भागातल्या घरातून डबा घेऊन जाऊन ठरवायचे.

मग कंपनीने आमचा अख्खा विभागच दुसऱ्या देशात हलवला. इथे नोकरी गेली की माणूस आधी व्हिसाचा विचार करतो, मग स्वतःचा. माझा नवरा कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट इंजिनियर. त्याच्या नावावर माझा व्हिसा होऊ शकत होता, म्हणजे तो प्रश्न सुटला. स्वतःचा राहिला. सकाळी नवरा साइटवर आणि मुलगी स्कूलबसमध्ये गेली की घर एकदम रिकामं व्हायचं. मी ओटा पुसायचे, कोरडा झाला की पुन्हा पुसायचे.

आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुस्लिम कुटुंब राहायचं. त्या घरच्या कर्त्या माणसाला आम्ही सगळेच भाई म्हणायचो. शारजाच्या औद्योगिक भागात त्यांचं जुन्या ट्रकच्या पार्टचं दुकान होतं. इंजिनं, गिअरबॉक्स, ॲक्सल. गिऱ्हाईक बहुतेक आफ्रिकेतलं. भाई पन्नाशी ओलांडलेले, बोलायला सावकाश, आणि माणसाला बसवून चहा पाजल्याशिवाय भाव सांगायचे नाहीत.

एका रविवारी ते सुरमईचं कालवण घेऊन आले. त्यांच्या बायकोने पाठवलं होतं. डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "वहिनी, माझ्या दुकानात रोज झांबियाचे, टांझानियाचे, काँगोचे लोक येऊन बसतात. तुमच्याकडे हुन्नर आहे, माझ्याकडे माणसं आहेत. दोघं मिळून काहीतरी करू या की."

नवरा हसला. त्याला वाटलं, भाई माझं मन राखायला बोलतायत. मलाही तसंच वाटलं. पण सोमवारी मी शारजाला गेले.

दुकानाच्या मागे पोटमाळ्यासारखी एक खोली होती. तिथे पूर्वी पिस्टन ठेवायचे. भाईंनी ती रिकामी करून रंगवून घेतली, टेबल आणलं, एसी बसवला. डिझेलचा आणि ग्रीसचा वास मात्र भिंतीतच मुरलेला होता, तो कधी गेला नाही. लायसन्स काढलं. आमचा पहिला मेनू फुटबॉलचा होता. झांबियातल्या एका फोन कंपनीने चाचणीसाठी कोड दिला, म्हणजे तारा आणि हॅशमधले ते आकडे. मी मन लावून तो बनवला. मॅच चालू असताना स्कोअर, नंतर निकाल, पुढची मॅच कधी. पहिल्या आठवड्यात लोकांनी बघितला, दुसऱ्यात कमी झाले, आणि महिन्याभरात आमचा मेनू आमच्याशिवाय कोणी उघडेना. फुटबॉलचा निकाल कळायला लोकांना आमची गरजच नव्हती. तो त्यांना रेडिओवर कळायचा, दुकानात कळायचा, शेजाऱ्याच्या आरडाओरडीवरून कळायचा.

त्या सुमारास ती बाई आली. झांबियाच्या पूर्वेकडच्या एका गावात तिचा ट्रकच्या पार्टचा धंदा होता आणि वर्षातून दोनतीनदा ती माल घ्यायला शारजाला यायची. तिकडे मोठ्या बाईला मानाने 'मामा' म्हणतात. भाई तिला मामा म्हणायचे, दुकानातले सगळे मामा म्हणायचे. मला सुरुवातीला ते तोंडात बसेना. आमच्या मिरजेला मामा म्हणजे आईचा भाऊ. पण आठवडाभरात मीही मामाच म्हणायला लागले.

भाव करताना ती भाईंना मोठ्याने "हबीबी, यू आर किलिंग मी" म्हणायची आणि अख्खं दुकान हसायचं. त्या खेपेला मात्र ती गप्प होती. डोक्याला काळं फडकं बांधलेलं. भाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की आई गेली. भाई खुर्चीतून उठून तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी नुसती मान खाली घातली. मग मला वरून बोलावलं, आणि आम्ही तिघं चहा घेऊन बसलो.

मामाने जे सांगितलं ते असं. त्यांच्याकडे कोणी गेलं की गावच्या रेडिओवर खबर देतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, दफन कधी. लोक त्या वेळेला रेडिओ लावूनच बसतात. पण त्या रेडिओचा आवाज डोंगरापलीकडे जात नाही. मामाचा थोरला भाऊ तांब्याच्या खाणीत कामाला होता, देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा फोन नंबर बदललेला. घरच्यांना वाटलं मामाने कळवलं असेल. मामा तेव्हा मालाच्या ट्रकबरोबर रस्त्यात होती, तिला वाटलं घरच्यांनी कळवलं असेल. आईला पुरून आठवडा झाल्यावर तो आपल्या नेहमीच्या सुट्टीला घरी आला.

"ब्लँकेट घेऊन आला," मामा म्हणाली. "आईसाठी. थंडी सुरू होणार होती ना. दारात उभा राहून हाका मारत होता."

दुकानात मागे कोणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं, भाईंनी बसल्या जागेवरूनच ओरडून तो थांबवायला सांगितला.

मग मामा माझ्याकडे वळली. "तू मेनू बनवतेस ना? फुटबॉलचा बनवलास. ह्याचा बनव. माझ्या भावाकडे साधा फोन आहे. पण आकडे दाबता येतात त्याला."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. घास हातात धरून म्हणाला, "म्हणजे कोण मेलं ते बघायला लोक फोन करणार आणि तुम्हाला त्यातून उत्पन्न? मरणावर धंदा?"

दुसऱ्या दिवशी मी त्याचा प्रश्न भाईंपुढे तसाच्या तसा ठेवला. ते बराच वेळ दाढी कुरवाळत बसले. मग म्हणाले, "कफनवाला पण दुकान उघडतोच ना, वहिनी. कोणीतरी उघडायलाच पाहिजे. त्याने मापात खोट करू नये, बस."

आम्ही ठरवलं की खबर देणाऱ्याला काही लागणार नाही. वाचणाऱ्याला फोन कंपनीचा सगळ्यात कमी दर, त्यातला वाटा आमचा. तिकडच्या नियमाप्रमाणे तिथली कंपनी बरोबर लागत होती, ती मामाने आपल्या नावाने उघडली. गाव निवडा, मग नाव दिसेल, मग दफनाची जागा आणि वेळ. दुसऱ्या पर्यायात खबर देता येईल, ती माझ्या पडद्यावरून पुढे जाईल. तिसऱ्यात नंबर नोंदवून ठेवला की आपल्या गावची खबर आपोआप मेसेजने येईल.

एका पडद्यावर जेमतेम दीडशे अक्षरं बसतात. तेवढ्यात माणूस बसवायचा. मी आधी इंग्रजीत लिहून दिलं, मामाने ते आपल्या भाषेत केलं आणि करताना माझं जवळजवळ सगळंच खोडलं. 'मृत' हा शब्द तिने काढला. आधी गाव पाहिजे, म्हणाली, मग कोणाची मुलगी, कोणाची आई, आणि मग नाव. "नाव शेवटी वाचलं तर माणसाला बसायला वेळ मिळतो," असं तिचं म्हणणं. पडद्याच्या अगदी शेवटी तिने एक शब्द घातला, 'पेपानी'. तिकडे कोणाला ठेच लागली तरी तोच म्हणतात आणि कोणी गेलं तरी तोच.

एका गोष्टीवर भाई आणि माझं एकमत झालं नाही. मी म्हटलं, खबर देणाऱ्याकडून काहीतरी खात्री करून घेऊ, गावच्या मुखियाचं नाव, चर्चचं नाव, काहीतरी. भाई म्हणाले, "ज्याच्या घरात मयत पडलंय त्याच्याकडे पुरावा मागायचा? नाही वहिनी. तेवढं नको." त्यांचा आवाज असा होता की मी तो विषय तिथेच सोडला. शिवाय मलाही मनातून ते पटलंच होतं.

मेनू सुरू झाला. पहिली खबर एका म्हाताऱ्या सुईणीची होती. मी शारजाच्या त्या खोलीत बसून ती पडद्यावर उमटताना बघितली. नंतर एकेक करून लोक ती उघडायला लागले. तिच्या गावातून, शेजारच्या गावातून, राजधानीतून, खाणीच्या शहरांतून. नंबर दिसत होते, माणसं दिसत नव्हती. तिने जन्माला घातलेली मुलं असतील त्यांत, असं मला वाटलं. मी खुर्चीतून उठले आणि का कोण जाणे, पदर नसतानाही खांद्यावरची ओढणी डोक्यावर घेतली.

फुटबॉलला जे जमलं नव्हतं ते इथे आपोआप झालं. कोणी जाहिरात केली नाही. एका मयताला जमलेले लोक तो कोड आपापल्या गावी घेऊन जायचे. मामा फोन करून सांगायची, अमक्याचा भाऊ वेळेवर पोचला, तमक्या मुलीने आईच्या अंगावर माती टाकली. नवऱ्याने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. मुलगी एकदा माझ्या पडद्याकडे बघत म्हणाली, "मम्मा, दिस इज सो सॅड. हाऊ डू यू डू दिस एव्हरी डे?" मी म्हटलं, "मी काही करत नाही गं, मी फक्त पोचवते." पण ते पूर्ण खरं नव्हतं. मी रोज सकाळी सगळ्या खबरा वाचायचे. न वाचता पुढे पाठवणं मला जमेना.

आणि मग एका जिवंत माणसाची खबर गेली.

मामाचा फोन आला तेव्हा मी भाजी घेत होते. ती इतक्या भरभर बोलत होती की मला आधी कळेचना. शेजारच्या गावातला एक म्हातारा, पूर्वी ट्रक चालवायचा. कोणीतरी आमच्या मेनूवरून त्याच्या नावाने खबर दिली होती. जमिनीचं भांडण असेल, कोणाचा खोडसाळपणा असेल. ज्या सिमवरून दिली ते लगेच बंद झालं होतं आणि ते कोणाचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. लांबलांबचे नातेवाईक बसने, ट्रकने त्याच्या घरी येऊन पोचले होते. फोन कंपनीने आमचा कोड बंद केला होता.

मी तशीच शारजाला गेले. भाईंना सांगितलं. ते एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. ऐकल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, त्या माणसाची माफी मागितली आणि आत जाऊन नमाज पढून आले. मग वर येऊन म्हणाले, "खलास, वहिनी. बंद करू या. पुरावा नको असं मीच म्हणालो होतो."

"माझंही तेच मत होतं, भाई."

"तुम्ही विचारलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यांनी मामाला फोन लावला आणि तेच सांगितलं, धंदा बंद. मामाने ऐकून घेतलं. मग स्पीकरवरून तिचा आवाज आला. "बंद नंतर कर. आधी इथे ये. आमच्याकडे ज्याच्यामुळे एखाद्या घरात रडं होतं तो त्या घरी जाऊन जमिनीवर बसतो. शारजात बसून माफी मागत नाही."

आम्ही गेलो. नवऱ्याने मला विमानतळावर सोडलं, भाईंशी हात मिळवला आणि माझ्याकडे बघून फक्त "सांभाळून" म्हणाला. राजधानी लुसाकाहून पूर्वेकडे दिवसभराचा रस्ता होता. मामा स्वतः गाडी चालवत होती. लाल माती, वाळलेलं गवत, रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती. एवढी वर्षं मी ज्या लोकांसाठी एक दाबा, दोन दाबा लिहिलं होतं ती माणसं सायकलवरून, डोक्यावर बादल्या घेऊन, माझ्या खिडकीशेजारून जात होती.

म्हातारा आंब्याखाली खुर्चीत बसला होता. अंगणात राखेचं मोठं वर्तुळ तसंच होतं. दुःखाला आलेले पुरुष बाहेर जाळ करून बसतात, त्याची राख. घराच्या दारात एक म्हातारी बसली होती, ती त्याची धाकटी बहीण, असं मामाने सांगितलं. आम्ही चटईवर बसलो. भाई चटईवर न बसता मातीतच बसले. म्हाताऱ्याने ते बघितलं.

भाई उर्दूमिश्रित इंग्रजीत बोलले. मामा त्याचं त्यांच्या भाषेत करत गेली. चूक आमची आहे. आम्ही विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. तुमच्या घरात आमच्यामुळे रडं झालं.

म्हाताऱ्याने विचारलं, "कुठून आलात?"

"शारजा."

"शारजा माहीत आहे मला," तो म्हणाला. "दार-ए-सलामच्या बंदरापासून इथपर्यंत तीस टनाचा ट्रक चालवलाय मी. शारजाहून आलेला गिअरबॉक्स कधी टिकला नाही."

मामाला हसू आवरलं नाही. भाईही कसनुसं हसले आणि म्हणाले, "माझ्या दुकानातला नसेल."

मग त्याने आम्हाला तो दिवस सांगितला. घरी तो एकटाच राहायचा. लांबच्या दवाखान्यात दोन रात्री काढून, गोळ्या घेऊन तो सायकल ढकलत परत येत होता. लांबूनच रडण्याचा आवाज आला. आवाज आपल्याच वाडीतून येतोय म्हटल्यावर त्याला वाटलं शेजारी कोणीतरी गेलं. त्याने सायकल कुंपणाला टेकवली, टोपी काढून हातात घेतली आणि हळू पावलं टाकत आत आला. गर्दी त्याच्याच अंगणात होती. त्याने कडेला बसलेल्या एका बाईला दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

बाईने वर बघितलं आणि किंचाळली.

"पहिल्यांदा मी घाबरलो," तो म्हणाला. "मला वाटलं हे सगळे बरोबर आहेत आणि मलाच माहीत नाही."

त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं होतं. रात्री झोपायला भीती वाटायची. पण लोक परत गेले नाहीत, दोन दिवस राहिले. ही बहीण तर अजून इथेच होती. आईबापांच्या शेतावरून भांडण होऊन तिने कितीतरी वर्षं त्याच्या घराची पायरी चढली नव्हती. दारातून ती म्हणाली, "पुरायला आले होते. आता स्वयंपाक करतेय." हे सांगताना ती हसली नाही.

त्याला चार मुलं. तिघं आली होती. थोरला आला नव्हता. तो खाणीच्या शहरात होता, मामाच्या भावासारखाच. म्हातारा थोडा वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. मग त्याने थेट माझ्याकडे बघून विचारलं. "त्याच्याकडे फोन आहे. त्याला खबर मिळाली होती का? तुमच्या मशिनला माहीत असेल."

मामाने मला ते इंग्रजीत सांगितलं. भाईही माझ्याकडे बघायला लागले.

कोणत्या नंबरने कोणती खबर उघडली हे मला बघता आलं असतं. लॅपटॉप माझ्या पिशवीतच होता. बघितलं असतं तर एका मिनिटात सांगता आलं असतं, की तुझ्या मुलाला माहीतच नव्हतं, किंवा माहीत असून तो आला नाही. पहिलं निघालं असतं तर त्याला किती बरं वाटलं असतं. पण दुसरंही निघू शकत होतं.

मी म्हटलं, "बाबा, बघता येतं. पण मी बघितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर बघेन."

मामाने ते सांगितलं. दारातली बहीण उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. एक कोंबडी राखेत चोच मारत होती, तिच्याकडे आम्ही सगळेच बघत बसलो.

"नको," तो म्हणाला. "नको बघू."

मग त्याने सांगितलं की माझी नवी खबर घाला. लोकांना कळू दे मी आहे. मी लॅपटॉप काढला. त्याने सांगितलं ते मामाने मला अक्षर न् अक्षर सांगितलं: मी जिवंत आहे. कोण आलं ते मी पाहिलं.

मी टाइप केलं, पण बटण न दाबता ते पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाक्याला धार होती, ती कोणासाठी आहे तेही कळत होतं. भाई हलक्या आवाजात मला मराठीत म्हणाले, "घाला वहिनी. त्याचा हक्क आहे." मी घालणार एवढ्यात म्हाताऱ्याने हात वर केला. आम्ही काय बोललो ते त्याला कळलं नव्हतं, पण थांबलोय एवढं कळलं असावं. त्याने मामाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं. त्याने मान हलवली.

"दुसरं काढ," तो म्हणाला. आणि बराच विचार करून नवीन सांगितलं.

मी जिवंत आहे. तरी या.

फोन कंपनीला विनंती करून मामाने त्या एका खबरेपुरता कोड उघडून घेतला. आम्ही निघेपर्यंत म्हाताऱ्याने भाईंना खुर्चीजवळ बोलावून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले होते. काय म्हणाला ते मामाने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर भाईंनी खिडकीकडे तोंड केलं आणि रुमालाने डोळे पुसत राहिले. बंद करण्याची गोष्ट त्यांनी त्यानंतर काढली नाही.

कोड पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. आता खबर आली की आधी गावच्या रेडिओ स्टेशनवर जाते. तिथली निवेदिका मुखियाला किंवा चर्चमधल्या कोणाला फोन करते, आणि ते हो म्हणाले की मगच ती पुढे येते. त्यात थोडा उशीर होतो. पुरावा मागावाच लागतो, पण तो घरच्यांकडे मागत नाही, एवढी वाट आम्ही काढली. कोणी काय वाचलं याची नोंदही मी काढून टाकली. फोन कंपनीला हिशेबापुरता एकूण आकडा जातो, नंबर आमच्याकडे राहत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या एका कंपनीबरोबर चाललेलं मोठं बोलणं फिसकटलं. त्यांना तीच माहिती हवी होती. नवऱ्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, "धंदा करायचाय की पुण्य?" मी म्हटलं, "धंदाच. पण हे विकायला काढलं तर त्या अंगणात पुन्हा जाता येणार नाही." त्याने खांदे उडवले, पण दुसऱ्या दिवशी साइटवरून येताना माझ्या ऑफिससाठी एक बरी खुर्ची घेऊन आला.

म्हाताऱ्याच्या घरी महिनाभर लोक येत राहिले, असं मामा सांगायची. कोणी साखर आणायचं, कोणी कोंबडी. थोरला मुलगा पेरणीच्या वेळी आला. घराला घालायला पत्रे घेऊन आला आणि आठ-दहा दिवस राहून छप्पर करून गेला. उशीर का झाला हे त्याने सांगितलं का, असं मी मामाला विचारलं.

"सांगितलं नाही," ती म्हणाली. "म्हाताऱ्याने विचारलंही नाही. खालून खिळे देत होता त्याला."

त्या प्रकरणानंतर मी मेनूत चौथा पर्याय घातला होता, 'खबर चुकीची आहे'. खोट्या खबरेची तक्रार करायला. तशी तक्रार त्यानंतर क्वचितच आली. पण लोक तो पर्याय वेगळ्याच कामाला वापरायला लागले. आमची आई शहरातल्या हॉस्पिटलातून चालत घरी आली. तळ्यात बुडाला म्हणत होते तो मुलगा पलीकडच्या गावात सापडला. रेडिओवाल्या बाईने मला विचारलं, ह्यांचं काय करू, ह्या काही तक्रारी नाहीत. भाईंना विचारलं तर म्हणाले, "जाऊ द्या ना पुढे. मयताची खबर पोचवतो तर ही पण पोचवू."

मग तशाच पुढे जातात. दिवसाला एखादीच असते. बाकीच्या सगळ्या मयताच्याच. आज सकाळी मी खोलीत आले तेव्हा खाली दुकानात काँगोचे दोघं ॲक्सलचा भाव करत होते आणि भाई त्यांच्यासाठी चहा सांगत होते. मी पडदा उघडला. पहिल्या दोन खबरा वाचल्या, एक बाळंतिणीची, एक शाळामास्तरांची. तिसरी चौथ्या पर्यायातली होती. एका गावाने कळवलं होतं की त्यांची एक मुलगी, बरीच वर्षं पत्ता नसलेली, काल बसमधून उतरली. ती मी जिन्यात उभी राहून भाईंना वाचून दाखवली. ते "माशाल्ला" म्हणाले आणि काँगोवाल्यांनाही इंग्रजीत सांगितलं. त्यातल्या एकाने हातातला कप खाली ठेवून टाळी वाजवली.

मी परत वर आले. आणखी दोन खबरा आल्या होत्या. नेहमीसारख्या वाचल्या, आणि पुढे पाठवल्या.